मनोजरावांनी मध्यात आणलेला गोळा

"ताई, पोलंड उलटा टांगलाय!"

आयुषने पाण्याचा जग टेबलावर आदळला आणि तो मैदानाच्या टोकाकडे धावत सुटला. कागदी पेले मांडत बसलेल्या त्याच्या ताईने, साक्षीने, आणि तिची मैत्रीण हर्षालीने माना वर केल्या. मैदानाच्या कडेला सहा खांब उभे होते आणि त्यांच्यावर सहा झेंडे फडफडत होते. परीक्षा नुकतीच संपली होती. उद्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता सातपूरच्या या मैदानावर सहा देशांच्या शाळकरी संघांची खो-खो स्पर्धा सुरू होणार होती. आज तिची रंगीत तालीम होती आणि ही तिघं होती स्वयंसेवक, म्हणजे पाणीवाटप खातं.

"उलटा कसा? लाल नि पांढरा, दोनच तर रंग आहेत," हर्षाली म्हणाली.

"म्हणून तर घोळ होतो!" साक्षी म्हणाली. "पोलंडचा पांढरा वर, लाल खाली. इंडोनेशियाचा लाल वर, पांढरा खाली. आता बघ, दोन्हीकडे लाल वर! म्हणजे इंडोनेशिया दोन आणि पोलंड शून्य."

"पोलंड नाशिकला आला आणि हरवला!" परत आलेला आयुष धापा टाकत म्हणाला. "आणि ताई, बांगलादेशाचा गोळापण कसातरीच दिसतोय. उजवीकडे पळाल्यासारखा."

साक्षी पेले सोडून उठली. हे झेंडे तिच्या यशोदाआत्याने शिवले होते. भारताचा तिरंगा समितीने विकत आणला होता, पण नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पोलंड आणि इंडोनेशिया हे पाच आत्याचे. सोमवारी तिघांनी मिळून ते समितीच्या कार्यालयात पोचवले होते आणि तेव्हा पाचही झेंडे अगदी बरोबर होते. साक्षीने स्वतः पुस्तकातली चित्रं शेजारी ठेवून तपासले होते.

तेवढ्यात पोलंडच्या प्रशिक्षक बाई मंचाकडे निघालेल्या दिसल्या. उंच, गोऱ्या, उन्हाने नाक लालबुंद झालेलं. त्यांच्या मागोमाग बांगलादेशाची कप्तान मुलगीही होती. बाईंनी झेंड्याकडे बोट दाखवून इंग्रजीत हळू आवाजात काहीतरी सांगितलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. हा आमचा झेंडा नाही, एवढंच.

मंचावर होते मनोजराव, आयोजन समितीचे कार्याध्यक्ष. पांढरे बूट, पांढरी टोपी, छातीवर बशीएवढा बिल्ला आणि हातात वॉकीटॉकी. त्या वॉकीटॉकीवरून ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलायचे आणि तो माणूसही तिच्यावरूनच उत्तर द्यायचा! स्पर्धेला चार रुपयांचा उपयोग होईल असं एकही काम या गृहस्थांनी महिनाभरात केलं नव्हतं. फोटो मात्र एकशे बारा काढून घेतले होते.

प्रशिक्षक बाईंचं ऐकून मनोजरावांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण क्षणभरच. लगेच त्यांनी माईक ओढला.

"सर्वांनी लक्ष द्या! झेंडे शिवणाऱ्या बाईंनी अक्षम्य निष्काळजीपणा केलेला आहे! परदेशी पाहुण्यांसमोर नाशिकची मान खाली गेली! यशोदाबाई गांगुर्डे यांचं काम समिती या क्षणापासून बंद करत आहे. घाबरू नका, मी नवे झेंडे ऑनलाइन मागवतो आहे, उद्या सकाळी हजर होतील!"

समितीच्या बारा सदस्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. झेंड्याकडे नीट बघायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत.

मैदानावरचे भोंगे वसाहतीच्या बाजूला तोंड करून लावले होते. आत्याचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. प्रत्येक शब्द तिथे स्वच्छ पोचला होता.

* * *

तिघं आत्याच्या घरी आली तेव्हा ती मशीनवर कापड घालून खाटेवर बसली होती. दारात शेजारच्या दोघी उभ्या होत्या, काहीच ऐकलं नसल्यासारखा चेहरा करून.

यशोदाआत्या बावीस वर्षं झेंडे शिवत होती. चौदा एप्रिल आला की वसाहतीतले निळे झेंडे तिचे, बुद्धपौर्णिमेला विहारावर चढणारा पाच रंगांचा पंचशील ध्वजही तिचाच. चक्राचे चोवीस आरे ती शिवण्याआधी मोजायची, शिवताना मोजायची आणि शिवून झाल्यावर पुन्हा मोजायची. तिचे नियम कडक होते. हात धुतल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही. झेंडा जमिनीला टेकवायचा नाही, खाटेवर धुतलेली चादर अंथरूनच काम करायचं. आणि दोरा दाताने तोडायचा नाही, कात्रीनेच कापायचा! "झेंड्याला उष्टं लावत नाहीत," असं ती म्हणायची. श्रीलंकेच्या झेंड्याच्या चार कोपऱ्यांत चार पिंपळपानं असतात. ती तिने सगळ्यात आधी शिवली होती, मोठ्या मायेने. मग सिंहाच्या शेपटीला दोन दिवस घालवले होते.

"आत्या, पोलंडचं लाकूड तू कुठल्या बाजूला लावलं होतंस?" साक्षीने विचारलं.

झेंड्याची दोरी ज्या पट्टीत असते तिच्या वरच्या टोकाला लाकडाचा बोटभर तुकडा शिवलेला असतो. झेंडा चढवणाऱ्याला वरची बाजू त्यावरून कळते.

"पांढऱ्याकडं," आत्या म्हणाली. मग थांबली. "वाटतंय तरी तसं. आता काय सांगू? एवढ्या मोठ्यानं बोलले ते लोक, माझंच चुकलं असेल."

"तुझं चुकत नाही, आत्या!" आयुष ओरडला.

"चुकलं असेल रे बाळा. डोळे तरी कुठं पहिल्यासारखे राहिलेत?" मग ती दारातल्या बायकांकडे वळली. "बरं झालं तुम्ही आलात. विहाराच्या मंडळाला सांगा, औंदा पौर्णिमेचा झेंडा दुसऱ्या कुणाकडं टाका. जिला वर-खाली कळत नाही, तिनं कशाला शिवावा?"

दोघी 'अगं असं काय' म्हणाल्या, पण दोघींपैकी एकीनेही 'तूच शिव' असं म्हटलं नाही. साक्षीला त्या क्षणी त्या दोघींचाही भयंकर राग आला. बावीस वर्षं जिने शिवलेलं डोक्यावर मिरवलं, तिच्यावरचा विश्वास उडायला एका भोंग्याचा आवाज पुरला!

बाहेर येताच हर्षालीने दगडाला लाथ मारली. "सोमवारी झेंडे बरोबर होते. आज गुरुवारी चुकीचे आहेत. म्हणजे मधल्या तीन दिवसांत कुणीतरी काहीतरी केलंय!"

"पण मुद्दाम झेंडे कोण बिघडवेल?" साक्षी म्हणाली.

"मुद्दाम नाही गं, शहाणपणानं! जगातली निम्मी नासधूस शहाण्यांनीच केलेली असते, असं आमच्या खो-खोच्या बाई म्हणतात."

"मला सोमवारचं आठवतंय," आयुष म्हणाला. "मनोजकाकांनी नेपाळचा झेंडा उलगडला आणि म्हणाले, हा असा फाटका का? कापड कमी पडलं का बाईंना?"

नेपाळचा झेंडा म्हणजे एकावर एक दोन त्रिकोण. जगात तसा दुसऱ्या कुठल्याच देशाचा नाही. पाचवीतल्या पोराला ठाऊक असलेली ही गोष्ट कार्याध्यक्षांना ठाऊक नव्हती! साक्षीने तेव्हा समजावून सांगितलं होतं, तर ते म्हणाले होते, "बरं बरं, बघू आम्ही. आमच्याकडे तज्ज्ञ आहेत."

"तज्ज्ञ!" हर्षालीने नाक मुरडलं. "चला, आधी झेंडे बघू."

* * *

मैदानावर जेवणाची सुट्टी झाली होती आणि आत्याचे पाचही झेंडे खांबांवरून उतरवलेले होते. मंडपात समिती श्रीखंड-पुरीवर तुटून पडली होती. सामानाच्या खोलीत एक सदस्य पंख्याखाली पेंगत होता आणि कोपऱ्यात केरसुण्यांशेजारी एक पोतं पडलं होतं. त्यातून लाल कापडाचं टोक डोकावत होतं.

"काका," साक्षीने गोड आवाजात विचारलं, "खुर्च्या पुसायला काही आहे का?"

सदस्याने डोळेसुद्धा पूर्ण उघडले नाहीत. "त्या पोत्यातली फडकी घ्या. वाया गेलेला माल आहे."

फडकी! साक्षीच्या कानशिलात रक्त चढलं. पण हर्षालीने तिचा हात दाबला. "हो काका! छान पुसतो काका! सगळं पोतंच नेतो काका!"

पाण्याच्या टाकीमागे पोचताच आयुषने आपला शर्ट काढून जमिनीवर पसरला, म्हणजे झेंडा मातीला लागू नये. आधी पोलंड उलगडला. लाकडाचा तुकडा लाल टोकाला होता. पण पांढऱ्या टोकाला चार बारीक भोकं होती, दोरा उसवल्यावर राहतात तशी.

"हलवलाय!" हर्षाली पुटपुटली. "इथला काढून तिथे लावलाय. कुणाला तरी वाटलं असणार, दोन लाल-पांढरे झेंडे, एकावर लाल वर, एकावर पांढरा वर, म्हणजे बाईंनी एक उलटा शिवला!"

"आणि हे बघ." साक्षीने लाकडाजवळचं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. ते चपटं झालेलं होतं आणि त्याचे तंतू विस्कटले होते. "आत्याची टोकं सरळ कापलेली असतात. हे दातानं तोडलंय!"

मग त्यांनी बांगलादेश उलगडला. हिरवं कापड, त्यावर लाल गोळा. झेंडा पाच फूट लांब. साक्षीने खिशातून पट्टी काढून मापं घेतली. दांडीकडच्या कडेपासून गोळ्यापर्यंत अठरा इंच. दुसऱ्या कडेपासूनही अठराच इंच.

"बरोब्बर मध्यात आहे की!" आयुष म्हणाला.

"तेच तर चुकलंय! आत्यानं पंधरा आणि एकवीस ठेवले होते. हा गोळा मध्यात नसतोच, दांडीकडे थोडा सरकवलेला असतो. झेंडा फडकताना मोकळी बाजू दुमडते ना, मग लांबून बघताना गोळा मध्यात वाटतो. हा मध्यात आणून शिवला, म्हणून फडकताना भलतीकडे पळाल्यासारखा दिसत होता!"

"उजेडात धर," हर्षाली म्हणाली.

दोघींनी झेंडा उन्हासमोर ताणून धरला. गोळ्याच्या दांडीकडच्या बाजूला, हिरव्या कापडात, सुईच्या भोकांची एक रेघ चमकली. चंद्रकोरीसारखी वाकडी, ठिपक्याठिपक्यांची. गोळा आधी जिथे होता तिथली कड उन्हात स्पष्ट दिसत होती!

"सापडला!" आयुष उडी मारून म्हणाला. "म्हणजे कुणीतरी टेप लावला, मध्य काढला आणि गोळा उचलून तिथे नेऊन बसवला!"

"टेप लावणारा डोक्यानं रिकामा आणि शिवणारा दातानं दोरा तोडणारा," हर्षाली म्हणाली. "पहिला कोण ते मला कळलंय. दुसरा शोधायचा."

दुसरा शोधायला फार वेळ लागला नाही. झेंड्याच्या पट्टीत एक टाचणी अडकलेली होती आणि टाचणीत एक फाटकी चिठ्ठी. शिंपी कपड्याला नंबराची लावतात तशी. चिठ्ठीवर निळ्या शिक्क्याची शेवटची अक्षरं उरली होती: '...जाराम टेलर्स'.

"पुंजाराम टेलर्स!" तिघं एकदम म्हणाली. बसथांब्याजवळचं ते दुकान सातपुरात कुणाला ठाऊक नव्हतं?

* * *

पुंजाराम मशीनवर वाकून कारखान्याच्या गणवेशाची खाकी पँट शिवत होते. मूळचे सिन्नरकडचे, गळ्यात टेप, कानावर खडू. शिलाई संपताच त्यांनी दोरा दाताखाली धरला आणि कट्कन तोडला. आयुषने साक्षीला कोपर मारलं.

"काका, हा झेंडा तुम्ही दुरुस्त केला का?" साक्षीने विचारलं.

पुंजारामांनी झेंडा उलटसुलट पाहिला. "दुरुस्त कशाचा? चांगला होता तो! मंगळवारी ते बिल्लेवाले साहेब आले. म्हनले, बाईनं गोल वाकडा लावला, मध्यात घ्या. मी म्हनलं, साहेब, ज्या बाईनं ही शिलाई घातली ती चुकीचं माप घेनार नाय. दोन्हीकडनं गोल असा बसवलाय का टाका हलंना! उसवायला मला दोन तास लागले."

"मग उसवलं कशाला?" आयुषने विचारलं.

"साहेब म्हनले, तू शिंपी हाय, शिंप्यागत राहा. मोठ्या लोकांपुढं आपुन काय बोलनार?" पुंजारामांनी मान हलवली. "अन् त्या लाल-पांढऱ्यातलं लाकूडबी त्यांनीच हलवायला सांगितलं. लय घाईत होते. त्यांना कुठंतरी फोटो काढायला जायचं होतं."

"आणि आज त्यांनी माईकवरून सांगितलं की यशोदाबाईंनी झेंडे बिघडवले," हर्षाली म्हणाली.

पुंजारामांचं मशीन थांबलं. "त्या बाईंचं नाव घेतलं? माईकवरनं?"

"नाव, आडनाव, सगळं. आत्या आता झेंडा शिवायचाच नाही म्हणते," साक्षी म्हणाली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

पुंजारामांनी कानावरचा खडू काढून टेबलावर ठेवला. "उद्या किती वाजता हाय तुमचं?"

संध्याकाळी तिघांनी समितीतल्या तीन वेगवेगळ्या मोठ्या माणसांना गाठून सगळं सांगायचा प्रयत्न केला. पहिला म्हणाला, "उद्या बघू." दुसरा म्हणाला, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये." तिसऱ्याने तर ऐकूनच घेतलं नाही, "जा, पाणी वाटा," म्हणाला. माणसं मोठी होतात ती फक्त अंगाने, हे तिघांना त्या संध्याकाळी नीट समजलं. उरल्या होत्या स्पर्धेच्या मुख्य पंच आशाताई, पण त्या उद्याच येणार होत्या. पाचही झेंडे हर्षालीच्या घरी धुतलेल्या चादरीवर घडी करून ठेवले गेले.

* * *

शुक्रवारी पावणेदहाला मैदान भरलं. सहा संघ रांगेत उभे राहिले. एका खांबावर तिरंगा होता आणि बाकीचे पाच खांब रिकामे. मनोजरावांनी आज टोपीवर तुराही खोवला होता.

"पाहुणे हो," ते माईकवर गरजले, "एका बाईच्या चुकीमुळे जो प्रसंग ओढवला, तो समितीने कसा निभावला ते आता बघा! पार्सल आणा!"

पार्सल आलं. पाच देशांच्या पाच मोठ्या झेंड्यांच्या मानाने ते जरा लहानच होतं, चपलेच्या खोक्याएवढं. मनोजरावांनी कॅमेऱ्याकडे बघत हसत हसत ते फाडलं आणि आत हात घालून श्रीलंकेचा झेंडा बाहेर काढला.

झेंडा वीतभर होता! खाली प्लॅस्टिकची काडी आणि काडीला छोटी बैठक. टेबलावर ठेवायचे झेंडे! भल्या माणसाने चित्र बघितलं होतं, माप वाचलंच नव्हतं.

मग इंडोनेशियाच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळं मैदान हसू लागलं. मनोजराव वॉकीटॉकीत ओरडले, "मोठे कुठे आहेत? मोठे कुठे आहेत?" आणि शेजारच्या खुर्चीतून उत्तर आलं, "मोठे नाहीत, ओव्हर!"

मुख्य पंच आशाताई खुर्चीतून उठल्या. पांढरे केस, गळ्यात शिट्टी. नियम मोडणाऱ्याला त्यांनी आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. "दहा मिनिटांत झेंडे लागले नाहीत तर स्पर्धा सुरू होणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या देशाला घरी बोलवायचं आणि त्याचा झेंडा नाही? लाज वाटते का काही?"

"झेंडे आहेत!"

साक्षी मैदानाच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिच्या मागे घडी घातलेले झेंडे दोन्ही हातांवर घेतलेली हर्षाली आणि आयुष.

"ए, बाजूला हो!" मनोजराव ओरडले. "ते बिघडलेले झेंडे आहेत!"

"बिघडवलेले," साक्षी म्हणाली. "ताई, फक्त दोन मिनिटं द्या."

"दिली," आशाताई म्हणाल्या.

साक्षीने आणि हर्षालीने बांगलादेशाचा झेंडा मंचासमोर उन्हाकडे धरून ताणला. ऊन हिरव्या कापडातून आलं आणि भोकांची चंद्रकोर सगळ्यांसमोर चमकली.

"गोळा आधी इथे होता," साक्षी म्हणाली. तिने हनुवटीने ती रेघ दाखवली. "यशोदाआत्यानं बरोबर लावला होता. मग कुणीतरी तो उसवून तीन इंच सरकवला. मध्यात आणला!"

"मध्यातच पाहिजे!" मनोजराव फटकन बोलून गेले. "मी स्वतः टेपने मोजलं! बाईंनी वाकडा..."

ते थांबले, पण फार उशिरा. आयुष आनंदाने टाळ्या वाजवू लागला.

आशाताईंनी बांगलादेशाच्या कप्तानाला जवळ बोलावलं. "तुम्हारे झंडे में गोला बीच में होता है क्या?"

मुलीने मान हलवली आणि झेंड्यावर बोट ठेवलं, बरोबर चंद्रकोरीच्या आत. "बीच में नहीं, ताई. थोड़ा इधर. हवा में फिर ठीक दिखता है."

"मी शेजारच्या माणसाला विचारूनच..." मनोजराव म्हणाले. शेजारचा माणूस कधीच उठून गेला होता.

"अन् मी सांगितलं होतं का नाय तुमाला, साहेब?" मंडपाच्या मागून पुंजारामांचा आवाज आला. दुकान बंद करून, इस्त्रीचा सदरा घालून ते आले होते. "बाईचं काम चोख हाय, हात लावू नका, असं? तुमीच म्हनलात ना, शिंप्यागत राहा? ते लाकूडबी तुमीच हलवायला लावलं. चला, बोला खोटं!"

मनोजराव खोटं बोलले नाहीत, कारण तेवढ्या वेळात त्यांना ते सुचलं नाही. चूक कोणाकडूनही होते, त्यात लाज नाही. पण स्वतःची चूक उचलून एका कष्टाळू बाईच्या पदरात टाकायची आणि वर तिच्या नावाचा भोंगा वाजवायचा, याला मात्र क्षमा नव्हती. आशाताईंच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. बारा सदस्य आपापल्या बुटांकडे बघत होते. कालची डोलावलेली मान आज कुणाचीच हलत नव्हती.

"यशोदाबाई कुठे राहतात?" आशाताईंनी विचारलं.

"दोन गल्ल्या सोडून!"

"स्कूटरची किल्ली घेते. कोण दाखवतं?"

* * *

आत्या आधी नाहीच म्हणाली. मग आशाताईंनी स्कूटरच्या हँडलवर झेंडा ठेवून, हात जोडून, एवढंच सांगितलं, "बाई, तुम्ही नाही आलात तर दोन देशांची पोरं झेंड्याशिवाय उभी राहतील." आत्याने मशीनवरचं कापड काढलं, सुईदोरा आणि कात्री पिशवीत घातली आणि ती मागच्या सीटवर बसली.

मैदानावर खाट नव्हती. चार टेबलं जोडली, त्यावर चादर अंथरली. तिने हात धुतले. पोलंडचं लाकूड पाच मिनिटांत पांढऱ्या टोकाला गेलं. मग गोळा. पुंजारामांनी आपले टाके उसवून दिले, पण हातानेच शिवायचा म्हणजे वेळ लागणार. सहा संघ, पाचशे प्रेक्षक आणि एक समिती उन्हात थांबली होती आणि आत्या घाई करत नव्हती. कुणाची बिशाद होती तिला घाई कर म्हणायची! झेंड्याची एक बाजू टेबलाखाली लोंबत होती.

"ती खाली टेकता कामा नये," आत्या मान वर न करता म्हणाली. "कुणीतरी धरा."

आशाताईंनी फक्त एकाच माणसाकडे पाहिलं. मनोजराव पुढे आले. दोन तास ते झेंड्याचं टोक दोन्ही हातांत धरून उन्हात उभे राहिले. तुरा टोपीवरून घसरून कानावर आला, पण हात रिकामा नव्हता. त्या दिवशी त्यांचा फोटो कुणीच काढला नाही.

शेवटी आत्याने कापडावर पाण्याचा हात फिरवला आणि पुंजारामांच्या टाक्यांची भोकं नखाने घासून बुजवली. पंधरा आणि एकवीस. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं.

"घ्या, चढवा," ती म्हणाली.

पाचही झेंडे वर गेले. वाऱ्याने बांगलादेशाचा झेंडा उलगडला आणि लाल गोळा बरोबर जागेवर बसलेला दिसला. त्यांच्या रांगेतल्या पोरी टाळ्या वाजवत उड्या मारू लागल्या. पोलंडची मुलं तर आपल्या झेंड्याकडे पाहून ताठ उभीच राहिली.

"मनोजराव, काल माईकवरून जे सांगितलं होतं, ते दुरुस्त करा," आशाताई म्हणाल्या.

मनोजराव माईकजवळ गेले. "यशोदाबाईंची चूक नव्हती," ते पुटपुटले.

"ऐकू येत नाही! आणि चूक कोणाची होती तेही सांगा."

"यशोदाबाई गांगुर्डे यांची काहीही चूक नव्हती! चूक... माझी होती!"

दोन गल्ल्यांपलीकडे ते नीट ऐकू गेलं असणार, कारण थोड्याच वेळात शेजारच्या दोघी धावत येऊन मंडपाच्या दोरीशी उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीने लांबूनच ओरडून सांगितलं, "यशोदा, पौर्णिमेचा झेंडा तूच शिवायचा बरं का! मंडळानं सांगितलंय!" मंडळाने एवढ्यात कुठे काय सांगितलं असणार, पण आत्याने ते तपासलं नाही. ती नुसती हसली.

आशाताईंनी तिघांना मंचावर बोलावलं. "इथे बारा मोठी माणसं बिल्ले लावून महिनाभर बसली होती," त्या म्हणाल्या. "पण डोळे उघडे ठेवले ते या तिघांनी. आपल्या माणसाचं नाव खराब होतंय हे दिसल्यावर ती गप्प बसली नाहीत आणि पुरावा मिळेपर्यंत बडबडलीही नाहीत. शाबास!"

"मी थोडा बडबडलो," आयुष प्रामाणिकपणे म्हणाला.

सामने सुरू व्हायच्या आधी पोलंडच्या प्रशिक्षक बाई आत्याजवळ आल्या. स्पर्धा संपल्यावर हा झेंडा आम्ही घरी नेणार आहोत, तर त्याच्या कोपऱ्यावर तुमचं नाव लिहून द्याल का, असं त्यांनी पेन पुढे करून विचारलं. साक्षीने ते आत्याला सांगितलं.

आत्याने पेन हातात घेतलं आणि मान हलवली. "झेंड्यावर लिहीत नाहीत, बाई. तो तुमच्या देशाचा आहे. शिवणारणीचा नाही."

साक्षीने हे इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, तिसऱ्या खेपेला जमलं. बाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून आपली वही काढली आणि कोरं पान उघडून आत्यापुढे धरलं. आत्या टेबलाशी वाकली. बराच वेळ विचार करून, गोल गोल अक्षरांत तिने लिहिलं: यशोदा झुंबर गांगुर्डे, झेंडे शिवणारी, सातपूर, नाशिक.

मग तिने पेन परत दिलं आणि आयुषच्या पाठीत एक धपाटा घातला. "काल शर्ट कुणी मातीत घातला रे?"